ताठ गाडी, दुखरी पाठ

ज्याच्या घरी आजवर एक सायकल आणि दुसऱ्याच्या मालकीचा ट्रॅक्टर यांखेरीज चाकाचे वाहन उभे राहिले नाही, अशा कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याने स्पोर्ट्‌स कारवर लेख लिहावा, याला धाडस म्हणावे की आगाऊपणा, हे वाचकांनीच ठरवावे. माझा अधिकार एवढाच, की हायवेलगत माझ्या मामांचे टायर आणि व्हील अलाइनमेंटचे दुकान आहे. दर रविवारी आणि सुट्टीत मी तेथे काम करतो, त्यातून फीची आणि वह्यापुस्तकांची सोय होते. तेथे महिन्याकाठी एखादी तरी बुटकी, झळाळती, दोन आसनी गाडी येते. तिचा मालक उतरतो, कमरेवर हात ठेवतो, आणि जवळजवळ ठरलेल्या शब्दांत विचारतो, “गाडी फार आदळते हो. काही करता येईल का?”

या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले उत्तर शौकिनांचे: “स्पोर्ट्‌स कार अशीच असायची. मऊ पाहिजे तर दुसरी घ्यायची होती.” दुसरे उत्तर आमच्यासारख्यांचे, जे तोंडावर बोलले जात नाही पण मनात असते: “पैसे उतू गेल्यावर असली दुखणी होतात.” मला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. गाडीचा कडकपणा हा तिच्या जातिवंतपणाचा पुरावा नव्हे. ती एक किंमत आहे. काही ठिकाणी ती मोजावी लागते, पण बहुतेक ठिकाणी ती विनाकारण मोजली जाते. मराठीत ‘ताठा’ या शब्दाला जे दोन अर्थ आहेत ते दोन्ही या गाड्यांना लागू पडतात, आणि दुखणे बहुधा दुसऱ्या अर्थामुळे जडलेले असते.

मुळात गाडी कडक करतात कशाला? वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो आणि अंग त्या बाजूला झुकते. स्प्रिंग मऊ असेल तर हे झुकणे वाढते, चाके रस्त्यावर हवी तशी टेकत नाहीत आणि गाडी स्टिअरिंगला सावकाश दाद देते. म्हणून स्प्रिंग कडक करतात. साधी घरगुती मोटार खड्ड्यातून गेल्यावर सेकंदाला सुमारे एक ते दीड झोका घेते. माणसाच्या चालण्याचा वेगही याच्या आसपास, सेकंदाला दोनेक पावलांचा असल्याने शरीराला तो झोका परका वाटत नाही. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये तो दीड ते दोनच्या घरात जातो. ज्या शर्यतीच्या गाड्यांना वाऱ्याचा दाब जमिनीकडे रेटतो, त्यांच्यात तो तीन, चार, पाच असा चढतो. पण त्या गाड्या काचेसारख्या सपाट ट्रॅकवर धावतात आणि त्यांना त्याच दिवशी घरी यायचे नसते!

खरी गंमत अशी, की ज्यांनी या विद्येत नाव कमावले त्यांनी कडकपणाला कधी देव मानले नाही. इंग्लंडच्या लोटस कंपनीचे कॉलिन चॅपमन यांचेच पाहा. १९६२ साली त्यांनी ‘एलान’ नावाची छोटी दोन आसनी गाडी आणली. फायबरग्लासचे अंग, मधोमध पोलादी कणा, वजन सातशे किलोंहून कमी आणि चाके तेरा इंची. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या आणि चाकांना वरखाली व्हायला मोकळी जागा होती. तरीही वळणावर पकड घेणारी गाडी म्हणून आज साठ वर्षांनंतरही तिचेच उदाहरण देतात. चॅपमनांचे मर्म वजनात होते. गाडी हलकी ठेवली आणि सांगाडा पक्का केला की स्प्रिंगेला दटावून ठेवण्याची गरज उरत नाही. १९८९ साली आलेल्या माझदाच्या एमएक्स-५ या गाडीतही हाच विचार होता. तिची चाके चौदा इंची होती.

आणि ज्या फेरारीचे नाव घेतले की आमच्या वर्गातील मुले डोळे मिटून सुस्कारा टाकतात, त्या कंपनीने २००९ सालच्या ‘४५८ इटालिया’ गाडीच्या स्टिअरिंगवर एक खास बटण दिले. ते दाबले की इंजिनाचा जोर आहे तसाच राहतो, फक्त शॉकअप नरम होतात. खडबडीत रस्त्यासाठीच ते बटण आहे. कारण उघड आहे. उंचसखल रस्त्यावर कडक गाडी उडते, आणि हवेत असलेले चाक ना वळवू शकते ना थांबवू शकते. म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यावर मऊ गाडी ही नुसती सुखाची नव्हे, वेगाचीही गाडी ठरते. शौकिनांनी यावर जरूर विचार करावा.

मग आपल्याकडे येणारी गाडी एवढी का आदळते? मामांचे बोट प्रथम चाकाकडे जाते. गेल्या पावसाळ्यानंतर एक तरुण गृहस्थ परदेशी बनावटीची लाल गाडी घेऊन आले. कंबर धरूनच उतरले. म्हणाले, “शॉकअप बदलून टाका, कितीही खर्च येऊ द्या.” मामा गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि मला हळूच म्हणाले, “आरं, शॉकअपचं काय घिऊन बसलास? चाक बघ की चाक!” गाडीला मुळात सतरा इंची चाके होती. टायरचा आकार २२५/४५. मालकांनी ती काढून एकोणीस इंची, चकचकीत अलॉय बसवली होती, टायर २३५/३५. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते. पहिल्या टायरची भिंत १०१ मिलिमीटर, दुसऱ्याची ८२. एका बोटाएवढी हवा विकून साहेबांनी शोभा विकत घेतली होती!

टायरमधली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग असते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. बारीक खडे, डांबराचे ठिगळ, पुलाच्या सांध्याची पट्टी हे सगळे धक्के खालच्या लोखंडी स्प्रिंगेपर्यंत पोचण्याआधी टायरने पोटात घालायचे असतात. टायरची भिंत आखूड झाली की ते थेट वर येतात. शिवाय मोठे चाक बहुधा जडही असते. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढले की खड्ड्यातून उसळलेले चाक आवरायला शॉकअपला जास्त झुंजावे लागते. म्हणून मोठ्या चाकाने आदळणे वाढते आणि पकड सुधारतेच असे नाही. ज्या टायरमधली हवा गेली तरी गाडी काही अंतर चालते, त्या रन-फ्लॅट टायरची भिंत मुद्दाम जाड आणि ताठ केलेली असते. त्याची सोय खरी, पण त्या सोयीचे भाडे कमरेला रोज द्यावे लागते.

मामांनी शॉकअपला हात लावला नाही. त्यांनी आधी हवा मोजली. दाराच्या खांबावरील चिठ्ठीत ३२ लिहिले होते आणि टायरमध्ये ४१ निघाली. पेट्रोलपंपावरच्या मुलाने “हायवेला जाताय ना साहेब?” म्हणून भरून दिलेली! “साहेब, आज गाडी राहू द्या. सकाळी टायर थंड असताना हवा बघू,” मामा म्हणाले. गरम टायरमध्ये आकडा चढलेला दिसतो, म्हणून माप नेहमी थंड टायरचे घ्यावे. चिठ्ठीपेक्षा कमी हवा ठेवून गाडी मऊ करण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. टायर कडेने झिजतो, तापतो, आणि खड्ड्यात रिम वाकते. (नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होते असा एक समज हल्ली पसरला आहे. ३२ म्हणजे ३२, मग आत काहीही असो.)

नुसती हवा बरोबर केल्यावरच त्या गृहस्थांच्या कपाळावरच्या आठ्या निम्म्या कमी झाल्या. पुढल्या आठवड्यात जुनी सतरा इंची चाके परत चढली. नवे शॉकअप लागलेच नाहीत. त्यांचा खर्च वाचला आणि मामांचा धंदा बुडाला, असे मी म्हणालो तर मामा हसले. त्यानंतर त्याच गृहस्थांचे चार मित्र दुकानात येऊन गेले.

प्रत्येक गाडीचे दुखणे एवढ्यावर भागत नाही, हे कबूल. हवा आणि चाके ठीक असूनही गाडी ठोकत असेल तर पुढची पाळी शॉकअपची. स्प्रिंगेने धक्का गिळायचा आणि शॉकअपने तिला उड्या मारू द्यायच्या नाहीत, अशी ही कामाची वाटणी आहे. शौकीन लोक बाहेरून स्क्रू फिरवता येणारे शॉकअप बसवतात आणि सगळे स्क्रू ‘हार्ड’ कडे पिळून मोकळे होतात. दाबलेली स्प्रिंग परत उलगडताना शॉकअपने फार अडवले, तर एका खड्ड्यातून चाक खाली येते न येते तोच दुसरा खड्डा येतो. गाडी प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी आतल्या रबरी ठोकळ्यावर आपटते. मालकाला वाटते स्प्रिंग कडक आहे. वास्तविक स्प्रिंगेला काम करायला जागाच उरलेली नसते! अशा वेळी स्क्रू थोडे सैल करावेत, एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना सारखेच करावेत, एका वेळी एकच बदल करावा आणि तोच रस्ता त्याच वेगाने पुन्हा फिरून यावे. मामा हे सगळे पाठीवरून ओळखतात. मी मात्र वहीत लिहून ठेवतो, आणि आमच्या दुकानात वही घेऊन शॉकअप लावणारा मी पहिलाच, म्हणून गिऱ्हाइके मला ‘प्रोफेसर’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये, ती म्हणजे गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगेचे वेटोळे कापणे. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक होते. वर चाकाला हलायची जागा कमी होते, ती वेगळीच. शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करण्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचीही आडकाठी आहे. पुढची-मागची स्प्रिंग किती ठेवावी यामागे केवढा विचार असतो! मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये राहून दाखवून दिले, की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद झोका घेणारी हवी. कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो. मागची बाजू उशिरा निघते, म्हणून तिने जरा घाईने पुढचीला गाठले की गाडी बोटीसारखी पुढेमागे डुलत नाही. कुणा कारागिराने अंदाजाने करवत चालवली की ऑलीसाहेबांचा हा सगळा हिशोब एका दुपारीत मातीमोल होतो.

आता पाठीविषयी. माणसाचे बसलेले धड वरखाली हलवले, तर सेकंदाला चार ते आठ या गतीची कंपने त्याला सर्वांत जास्त जाणवतात, असे या विषयाचा आंतरराष्ट्रीय मापदंड सांगतो. पोटातले अवयव आणि मणके त्या तालावर डोलू लागतात. सिमेंटच्या रस्त्यात साधारणपणे साडेचार मीटरांवर आडवा सांधा असतो. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर, म्हणजे सेकंदाला सहा सांधे. नेमके पाठीला नको तेच! वेग ऐंशीवर आणला तरी पाचच्या आसपास राहतो, म्हणून सांधे उखडलेल्या रस्त्यावर नुसते सावकाश जाऊन भागत नाही, टायरने ते गिळावे लागतात. त्यात या गाड्यांतली बैठक जमिनीलगत, पाय समोर ताणलेले, त्यामुळे पायांवर भार घेऊन उठून सावरण्याची सोय नाही. पाठ थोडी उभी करावी, सीट पुढे घेऊन गुडघे वाकलेले ठेवावेत, कमरेच्या खोलगट भागाला आधार द्यावा. जाड गुबगुबीत उशी मात्र ठेवू नये. ती स्वतःच उसळते आणि धक्का वाढवते.

आणि चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याचे हाल अधिक. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, हातात स्टिअरिंग असते, त्याचे अंग आपोआप सावध होते. शेजारची आई किंवा पत्नी बोलत असते तेव्हाच तिची जीभ दातांखाली येते. “मला तर काही जाणवत नाही,” असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मालकाने एकदा डाव्या बाजूला बसून पाहावे, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे.

‘स्पोर्ट’ म्हटले की सोसलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक अलीकडची हकीकत. २०२२ साली फॉर्म्युला वनच्या गाड्यांची रचना बदलली. गाडीच्या पोटाखालून जाणारी हवा तिला जमिनीकडे ओढू लागली, म्हणून गाड्या अत्यंत कडक आणि बुटक्या ठेवाव्या लागल्या, आणि सरळ रस्त्यावर त्या डुकरमाशासारख्या उसळ्या घेऊ लागल्या. त्या वर्षी जूनमध्ये अझरबैजानच्या शर्यतीनंतर सात वेळा जगज्जेता झालेला लुइस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला. तेव्हा ‘खेळाडू आहेस, सोस’ असे त्याला सांगून चालले नाही. नियामक संस्थेने उसळण्याचे माप ठरवले आणि त्याच वर्षीच्या बेल्जियमच्या शर्यतीपासून त्यावर मर्यादा घातली. ज्यांना यासाठीच कोट्यवधी मिळतात, त्यांच्या पाठीचीही मोजदाद झाली.

हे वाचताना मला माझे वडील आठवले. त्यांनी बावीस वर्षे उसाचा ट्रॅक्टर चालवला. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना स्प्रिंग नसते. मोठा टायर आणि सीटखालची एक स्प्रिंग एवढाच काय तो आधार. त्यांच्या ट्रॅक्टरची ती स्प्रिंगही मोडली होती आणि तिच्या जागी पोत्याची घडी होती. आज ते पहाटे उठताना भिंतीला धरून उठतात. विचारले तर म्हणतात, “सवय झालीया मला.” आमच्या घरात हा शब्द मोठ्या मानाचा आहे. ‘सवय झाली’ म्हणजे माणूस शहाणा झाला. आमच्या वडीलधाऱ्यांचा पूर्ण मान राखून मला म्हणावेसे वाटते, की मणक्याला सवय होत नाही. त्या मोडक्या स्प्रिंगेची किंमत मी पुढे मामांच्या दुकानात बसून काढली. ट्रॅक्टरच्या एका हंगामाच्या डिझेलपुढे ती नगण्य होती. मालकाने ती बदलली नाही, कारण वडिलांनी कधी मागितली नाही. आणि वडिलांनी मागितली नाही, कारण दुखणे मागण्याजोगे असते हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

माझा एक वर्गमित्र या विषयावर माझ्याशी भांडला. “लाल गाडीवाल्याच्या कमरेची काळजी तू कशाला करतोस? त्याचे चोचले आहेत,” असे त्याचे म्हणणे. त्याच्या रागात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. परंतु त्या लाल गाडीत नेहमी मालकच बसतो असे थोडेच आहे? सर्व्हिसिंगला, धुवायला, मुंबईहून गावी आणायला पगारी ड्रायव्हर बसतो. त्याने एकोणीस इंची चाके मागितलेली नसतात. आणि दुसरे म्हणजे, गिऱ्हाइकाने कंबर धरून “काही करता येईल का?” असे विचारणे मला आवडते. हा प्रश्न ट्रॅक्टरवाल्याने, एस्. टी.च्या मागच्या बाकावरच्या म्हातारीने, वीटभट्टीच्या टेम्पोच्या ड्रायव्हरनेही विचारावा. त्याला उत्तर असते, आणि पुष्कळदा ते हवेच्या पंपाइतके स्वस्त असते.

राहता राहिला रस्ता. तो मालकाच्या हातात नाही. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीसने कोणतीही गाडी त्यावरून सुखाने जाते. आमच्या महाविद्यालयाच्या वाटेवरचा गतिरोधक मी परवा पट्टीने मोजला. उंची १६ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. असल्या बांधावरून बुटकी गाडी सरळ नेली तर पोट घासते. मामा सांगतात, थांबण्याइतके सावकाश यावे, समोरून कोणी येत असल्यास त्याला आधी जाऊ द्यावे, मग गाडी तिरपी करून एकेक चाक चढवावे आणि मागचे चाक पूर्ण उतरेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नये.